आत्याबाई, सायकल विकायची नाही

आत्याबाई, तुमच्यामागे गावात काय बोललं जातंय ते आधी सांगते. विहिरीवर बायका म्हणतात, सून सायकलवर आणि सासू सरणावर. मी रहाटाशी गेले की गप्प होतात, घागर घेऊन निघाले की पुन्हा सुरू होतात. भावकीतल्या एकीने तर तोंडावर विचारलं, शेवटचं पाणीसुद्धा म्हातारीला तुझ्या हातचं मिळालं नाही, तुला काही वाटत नाही का गं? मला पुष्कळ वाटतं. पण मला जे वाटावं असं तिला हवंय ते वाटत नाही, आणि ते मी वाटून घेणारही नाही.

तुम्ही असतात तर एकेकीला नावानिशी उत्तर दिलं असतंत. आता तुमचं तेरावं होऊन गेलं. घरात तुमचा आवाज नाही, म्हणून मलाच बोलायचं आहे. आणि आधी तुमच्याशीच बोलायचं आहे, कारण थोडं भांडणही आहे.

पेणहून लग्न होऊन मी थळला आले तेव्हा आईने सांगून पाठवलं होतं, सासूला आत्याबाई म्हणायचं आणि वर बघून बोलायचं नाही. पहिली गोष्ट मी पाळली. दुसरी तुम्हीच पाळू दिली नाहीत. मी मान खाली घालून काहीतरी पुटपुटले तर म्हणालात, जमिनीशी बोलतेस की माझ्याशी? मामंजी मी यायच्या आधीच गेलेले. तुमचा मुलगा मुंबईला गोदीत, शिमग्याला आणि गणपतीला बोटीने रेवसला उतरून घरी येणारा. घरात आपण दोघी होतो, शेवंती झाली तेव्हा तिघी झालो. भाताचा एक तुकडा, त्यातच भात निघाल्यावर पांढरा कांदा, दारात चार नारळ, एवढ्यावर तुम्ही घर चालवत होता आणि कुणाच्या ओटीवर जाऊन बसत नव्हता.

अलिबागच्या मुलींच्या शाळेत शिक्षिकेची जागा निघाली तेव्हा शेवंती नुकती पाटी धरायला लागली होती. माझ्या वडिलांनी मला मराठी सातवीच्या फायनलपर्यंत शिकवलं होतं. लग्नानंतर ते शिक्षण ट्रंकेत घडी करून ठेवल्यासारखं पडून होतं. मी भीत भीत तुम्हाला विचारलं. तुम्ही कांद्याच्या माळा विणत बसला होता. हात न थांबवता म्हणालात, "माळा मीबी इनते. तू दुसरं कायतरी कर."

एवढंच. कुणाला विचारायला गेला नाहीत, मुंबईला निरोपही धाडला नाहीत.

काही महिने मी टांग्याने गेले. सवाऱ्या भरल्याशिवाय टांगा हलायचा नाही, त्यामुळे रोज शाळेत उशीर, रोज मोठ्या बाईंची बोलणी. वर पगाराचा मोठा वाटा त्या घोड्याच्या पोटात जायचा. मग पायी जाऊन पाहिलं. थळहून अलिबाग काही फार लांब नाही, पण जाऊन शिकवायचं, येऊन भात कांडायचा, हे अंगाला झेपेना. एका संध्याकाळी मी पाय गरम पाण्यात घालून बसले होते. तुम्ही बराच वेळ माझ्या पायांकडे बघत होता. मग म्हणालात, तलाठ्याकडे पायगाडी आहे, पोस्टाच्या शिपायाकडे आहे, तुझ्याकडे का नको?

मला वाटलं तुम्ही थट्टा करताय. पण त्या वर्षीचा कांदा विकून आला तो पैसा तुम्ही कनवटीला लावलात. तो कौलांसाठी राखलेला होता, हे मला माहीत होतं. मी म्हटलंसुद्धा, की पावसात घर गळेल. तुम्ही म्हणालात की गळू दे, घर काही अलिबागला जात नाही. त्या पावसाळ्यात घर खरंच गळलं, आणि नेमकं तुमच्याच अंथरुणावर. तुम्ही वाकळ ओढून चुलीजवळ निजलात आणि त्यावर एक शब्द काढला नाहीत.

अलिबागच्या बाजारातल्या सायकलच्या दुकानात आपण गेलो तो दिवस आठवला की अजून हसू येतं. शेठ गुजराती, भला माणूस, पण बायकांना सायकल विकायची त्याला सवय नव्हती. तो तुमच्या पाठीमागे बघत राहिला, पुरुषमाणूस केव्हा येतोय म्हणून. तुम्ही म्हणालात, "मागं कोन न्हाय. आमालाच दाखव."

त्याने आधी नवी विलायती दाखवली, काळीभोर, सोनेरी रेघांची. किंमत ऐकल्यावर तुम्ही हँडलवरचा हात असा काढलात की जणू चटका बसला. मग जपानी दाखवली. तीही नवीकोरी, लखलखीत, आणि भाव ऐकून मला खरंच वाटेना इतका खाली. माझा डोळा मात्र कोपऱ्यातल्या एका सायकलवर होता. ती बायकांची सायकल होती, मधला दांडा नसलेली, साखळीला झाकण, मागच्या चाकाला जाळी, साडी अडकू नये म्हणून. अलिबागेत एका डॉक्टरांच्या घरच्या बाईंना तशीच चालवताना मी पाहिलं होतं. मी तुमच्या कानाशी लागून म्हटलं, ती घेऊ या. शेठनेही मान डोलावली. माझ्यासारखीला तीच शोभेल असं त्याचं म्हणणं पडलं.

तुम्ही तिच्याभोवती एक फेरी मारलीत. दांडा नाही ती मोकळी जागा हाताने चाचपलीत. मग मला म्हणालात, "ही एकट्या बाईची हाय. आपन तिघी हाव. पोरीला कुठं बसवशील?"

मी साडीचं निमित्त पुढे केलं. नऊवारी कास मारून नेसणाऱ्या बाईला दांड्याची कसली अडचण, असं तुम्ही मलाच विचारलंत. शेठ तोंड फिरवून हसला. मला लाज वाटली आणि रागही आला, कारण मनातून मला ती सायकल शोभेसाठीच हवी होती. शिवाय तिची किंमत जपानीहून पुष्कळ जास्त होती.

मग तुम्ही जपानीकडे वळलात आणि सरळ कॅरियरवर बसलात. शेठ नको नको म्हणत होता. कॅरियर कुरकुरला आणि एका बाजूला वाकला. शेठ म्हणाला, "माजी, ही एका माणसाच्या वजनाची आहे." तुम्ही उठून लुगडं झटकलंत आणि म्हणालात, मग तीन माणसांच्या वजनाची दाखव.

दुकानाच्या मागच्या बाजूला एक जुनी विलायती होती. मोजणीखात्यातला कुणी कारकून बदली होऊन जाताना टाकून गेलेला. रंग उडालेला, सीट फाटलेली, घंटी नाही, पण दांडा जाड आणि कॅरियर लोखंडी पट्ट्यांचा. शेठ तिच्याबद्दल काही बोलत नव्हता, कारण त्याला नवी खपवायची होती. तुम्ही तिच्या कॅरियरवर बसलात आणि शेठला म्हणालात, ढकल. त्याने नोकराला हाक मारली. नोकर नको, ज्याचा माल त्यानेच ढकलायचा, असा तुमचा हट्ट. आणि तो काळी टोपी घातलेला शेठ भर बाजारात तुम्हाला कॅरियरवर बसवून दुकानापासून पानवाल्यापर्यंत आणि परत ढकलत आला. लोक जमले. तुम्ही गणपती बसावा तशा बसला होता. उतरल्यावर वाकून मागचं चाक पाहिलंत, मग शेठकडे पाहिलंत. तो घामाघूम झाला होता. भाव करायला तुम्हाला फार वेळ लागला नाही.

साखळीचं झाकण मात्र तुम्ही घेऊ दिलं नाहीत. वेगळे पैसे पडत होते. पदर नीट खोचला की झालं, म्हणालात. तिथे तुमचं चुकलं, आत्याबाई. गणपतीला तुमच्या मुलाने आणलेलं अंजिरी लुगडं साखळीत जाऊन हातभर फाटलं. मी ते तुमच्यासमोर धरलं तर म्हणालात, नीट खोचला नसशील. मग दुपारभर बसून तुम्हीच ते शिवलंत, आणि शिवताना दोनदा सुई बोटाला टोचून घेतलीत. पण झाकण हवं होतं असं काही तुमच्या तोंडून निघालं नाही. मी पुढे माझ्या पगारातून ते बसवून घेतलं. तुम्ही पाहिलंत, आणि न पाहिल्यासारखं केलंत.

चालवायला शिकवणार कोण, हा प्रश्न होता. तुमचा मुलगा मुंबईला, आणि गावातल्या पुरुषाने माझी सायकल धरणं शक्य नव्हतं. तुम्ही म्हणालात, मी धरते. ओहोटीला समुद्र मागे सरला की ओली वाळू सारवलेल्या अंगणासारखी घट्ट होते, आणि दुपारी जेवणं झाल्यावर पुरुष कलंडलेले असतात. ती वेळ आपण धरली. समोर खांदेरी-उंदेरीचे किल्ले, इकडे मासळी वाळत घालणाऱ्या कोळणी, आणि मधे मी सायकलवर, मागे तुम्ही कॅरियर धरून पळताय. तुमचे गुडघे तेव्हाही दुखत होते. मी पडले की तुम्ही मला उचलायच्या आधी सायकल उचलत होता. कोळणी पहिल्या दिवशी पोट धरून हसल्या. नंतर त्याच ओरडून सांगायला लागल्या, खाली बघू नको, पुढं बघ. एका दुपारी मी बरीच लांब गेले, वळून पाहिलं तर तुम्ही मागे कुठेच नव्हता. तुम्ही कोळणींमध्ये जाऊन बसला होता, केव्हाच्या, आणि तपकीर ओढत होता.

घरी आलो की खारं पाणी चाकांना खाईल म्हणून तुम्ही विहिरीच्या पाण्याने सायकल धूत होता, गुरं धुवावीत तशी, आणि साखळीला खोबरेल लावत होता. शिमग्याला तुमचा मुलगा आला, अंगणात सायकल पाहिली. मग साखळीला बोट लावून वास घेतला आणि म्हणाला, आई, खोबरेल नाही लावायचं, धूळ धरते. दुसरा काही आक्षेप त्याने घेतला नाही.

आक्षेप घेतला तो थोरल्या मामंजींनी. मामंजींचे थोरले भाऊ, भावकीत त्यांचा शब्द चालतो. मी पहिल्यांदा रस्त्याने शाळेत निघाले त्याच संध्याकाळी ते चौघांना घेऊन आपल्या ओटीवर आले. बाईमाणूस पाय टाकून बसून देवळासमोरून जाते, हे देवाला चालणार नाही, असं म्हणाले. मी दाराआड उभी होते. तुम्ही पाट सरकवून त्यांना बसायला दिलंत, पाणी दिलंत, आणि मग विचारलंत, "तुमची बैलगाडी जाते ना रोज देवळासमोरनं? बैल तितंच शेन टाकतो. तवा देव उठून जातो काय?"

त्यांच्यातला एक जण हसला, आणि तिथेच ती बैठक मोडली. पण थोरले मामंजी ते विसरले नाहीत. तुम्हीही विसरला नव्हता, की मामंजी गेल्यावर तुम्हाला किहीमला माहेरी जायचं होतं तेव्हा याच माणसाने गाडी नाकारली होती. त्यानंतर तुम्ही माहेराला गेलाच नव्हता. गाडी मागायला कुणाच्या दारात जायचं नाही हा तुमचा पण, आणि एवढी वाट चालायला गुडघे साथ देईनात. थळहून किहीम ते केवढं! माणूस हिंडत फिरत जाऊन येईल. तुम्ही मात्र वर्षानुवर्षं तिकडच्या माणसांची खुशाली बाजारात कोळणींकडून विचारत होता.

म्हणून मला सायकल सरावाची झाल्यावर, सुट्टीच्या पहिल्याच दिवशी मी म्हटलं, आत्याबाई, बसा, किहीमला जाऊ. तुम्ही नाही नाही म्हणत आत गेलात आणि ठेवणीतलं लुगडं नेसून आलात. दांड्यावर गोणपाट गुंडाळून शेवंतीला बसवलं, हँडलच्या दोन्ही बाजूंना कांद्याच्या माळा लटकवल्या, मागे तुम्ही, हातात नारळ. रेती लागली की मी उतरून ढकलत होते, चढ लागला की शेवंती उतरत होती. तुम्ही फक्त रडायला लागलात तेव्हा उतरलात. किहीमची उंडीची झाडं दिसायला लागली होती. म्हणालात, भावाच्या दारात चालत जाऊ दे मला.

तुमचे भाऊ, आमचे मामा, ओटीवर बसले होते. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण तुमचं पाऊल त्यांनी ओळखलं. मी ते दृश्य पाहिलं आहे, आत्याबाई. सायकलवरून मला गावाने जे जे ऐकवलं ते सगळं त्या एका घटकेत फिटलं.

आणि त्याच दिवशी तुम्ही तो घोळ घातलात. जेवणं झाली, मी भांडी घासायला विहिरीवर गेले, आणि तेवढ्यात तुम्ही भावाला शब्द दिलात. त्याच्या नातवाला शेवंती द्यायची. मला विचारलं नाहीत. परतीच्या वाटेवर आनंदाने सांगितलंत, जसं काही मला बक्षीस मिळालं होतं.

मी सायकल थांबवली. म्हटलं, शेवंती शिकणार आहे, लग्नाचं ती मोठी झाल्यावर पाहू, आणि त्या घरी देऊ असं मी आज म्हणत नाही. तुम्ही म्हणालात की मोठी झाल्यावरच नेतील, घाई कुणाला आहे. मी म्हटलं, मग शब्द कशाला दिलात? माझं माहेर परत मिळालं म्हणून दिला, म्हणालात, आणि तडक उतरून चालायला लागलात. मी शेवंतीला सीटवर बसवून सायकल ढकलत तुमच्या बाजूने चालले.  शेवंती एकदा तुमच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. थळ जवळ आल्यावर तुम्ही मुकाट कॅरियरवर बसलात आणि म्हणालात, "चल. पाय दुखतात. पन शब्द म्या दिलाय."

त्यानंतर आपण किती वेळा किहीमला गेलो. दरवेळी परतताना तेच भांडण. तुम्ही मागे बसून माझ्या पाठीशी भांडत होता, मी पुढे रस्त्याशी. नवा कायदा आला, लहान मुलींची लग्नं लावता येणार नाहीत असं मी सांगितलं, तर म्हणालात कायदा सरकारचा आणि पोरगी आपली. मी म्हटलं, पोरगी तिची तिची. त्यावर तुम्ही तपकिरीची डबी काढलीत. मला वाटलं पटलं. पण दारात उतरताना म्हणालात, मामाकडे सुखात राहील गं. तुमच्या बोलण्यात जोर नव्हता, विनवणी होती, आणि तेच मला जास्त जड गेलं. मला शाळेत पाठवायला तुम्ही गाव अंगावर घेतलंत, आणि नातीच्या बाबतीत तुम्हाला भावाच्या ओटीपलीकडचं दिसेना. हे कोडं मला सुटलं नाही. सुटायची वाट मी बघतही नाही. माणूस असंच असतं असं आता वाटतं.

मग तुम्हाला धाप लागायला लागली. अलिबागच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितलं, हृदय थकलंय. औषधाला मी तुम्हाला कॅरियरवर बसवून नेत होते. तुम्ही मला कंबरेला धरून बसत होता, आणि तुमचा हात दर खेपेला हलका लागत होता. मी रजा घेतल्या. मोठ्या बाईंनी शेवटी बजावलं की मुलींच्या परीक्षेला आला नाहीत तर जागा दुसरीला जाईल.

त्या सकाळी तुम्ही भिंतीला टेकून बसला होता. रात्रीपेक्षा बरं वाटत होतं. मी दिलेली पेज तुम्ही वाटी तोंडाला लावून प्यायलात. म्हणजे माझ्या हातचं तुम्हाला मिळालं, आत्याबाई, हे भावकीतल्या त्या बाईला माहीत नाही आणि मी तिला सांगायला जाणार नाही. मी म्हटलं, आज जात नाही. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जसं दुकानात त्या बिनदांड्याच्या सायकलीकडे पाहिलं होतंत.

"जा. इथं बसून माझा श्वास मोजनार काय?"

मी उंबऱ्यात उभी राहिले. तुम्ही म्हणालात, शेवंती आहे, शेजारची आहे, तू जा, उशीर करू नको. मी गेले. मुलींची परीक्षा घेतली. दुपारी शाळेच्या दारात शेजारणीचा नवरा धापा टाकत उभा दिसला तेव्हाच मला समजलं. मी कशी आले ते आठवत नाही, रस्ता आठवत नाही. आले तेव्हा शेवंती तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तुम्ही नव्हता. थोरले मामंजी दारात होते. म्हणाले, आता आलीस?

त्या एका वाक्याने ते मला जन्मभर बांधून ठेवणार होते. मी रात्ररात्र रडले आहे. तुमच्या वाकळेचा वास घेऊन रडले आहे. पण मी गुन्हा केला म्हणून रडले नाही. तुम्ही जा म्हणालात आणि मी गेले. पुन्हा ती सकाळ आली आणि तुम्ही पुन्हा जा म्हणालात तर मी पुन्हा जाईन, पुन्हा परीक्षा घेईन, आणि पुन्हा येऊन तुमच्या पायांवर डोकं ठेवीन.

तेराव्याला जेवणं झाल्यावर भावकी ओटीवर बसली. थोरले मामंजी तुमच्या मुलाला म्हणाले की म्हातारी होती तोवर चाललं; आता सायकल विकून टाक, सुनेने शाळा सोडावी आणि वर्षभर घरात बसून दुखवटा पाळावा. सासूला मरताना टाकून गेली, एवढं तरी तिने करावं. तुमचा मुलगा मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवत राहिला. मी वाट पाहिली. दाराआड उभी राहून वाट पाहायची सवय तुम्हीच मोडलीत, म्हणून फार वेळ नाही पाहिली. बाहेर आले आणि वर बघून बोलले.

"त्या सकाळी घरात तुम्ही नव्हता, मी होते. त्यांनी मला पाठवलं. मी टाकून गेले नाही, सांगितलं म्हणून गेले. उद्याही जाणार आहे."

 मग तुमचा मुलगा हळूच म्हणाला, सायकल आईने घेतलीय, ती मी विकणार नाही. मला बरं वाटलं. पण माणसं उठून गेल्यावर आत येऊन तोच म्हणाला, थोडे दिवस टांग्याने जा, लोकांची तोंडं गप्प होतील. मी म्हटलं, टांग्याने गेले तर ती कायमची उघडतील. तो वाद घालत बसला नाही. दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा तो रेवसला जायला निघाला होता. माझ्याबरोबर शाळेत येणाऱ्या शेवंतीला त्याने स्वतः दांड्यावर बसवलं, एवढं सांगते. देवळासमोर थोरले मामंजी उभे होते. मी उतरले नाही. त्यांनी तोंड फिरवलं, तेवढं चालेल मला.

आता भांडणाचं. या सुट्टीला मी किहीमला गेले. एकटीच. शेवंतीला मुद्दाम नेलं नाही. मागे कुणी नसताना रेतीत मागचं चाक घसरतं, हे मला माहीतच नव्हतं. दोनदा पडता पडता वाचले.

मामा ओटीवर होते. तुमच्या जाण्याने पार खचलेत. मी पाणी प्यायले आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की शेवंतीचा शब्द आत्याबाईंनी दिला होता, तो मी पाळणार नाही. ती शिकेल, मोठी होईल, मग तिला विचारीन.

 मामा म्हणाले, "ती असती तर तुला घरात घेतली नसती."

मी म्हटलं, "नसती घेतली. दोन दिवस बोलल्या नसत्या. मग भूक लागली असेल म्हणून पेज वाढली असती."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. हसत होते की रडत होते, मला कळलं नाही. म्हणाले, आता तुमचं येणं संपलं म्हणायचं. मी म्हटलं, का संपेल? दर सुट्टीला येणार आहे मी, शेवंतीला घेऊन. तिचं लग्न या घरात झालं नाही तरी हे तिच्या आजीचं माहेर आहे. आम्हाला दोन घास घालाल की नाही तेवढं सांगा. त्यांनी सुनेला हाक मारली आणि पान मांडायला सांगितलं.

मी तिथे पोटभर जेवले, आत्याबाई. तुमचा शब्द मोडून आले आणि त्याच घरी जेवले. तुम्ही जिथे असाल तिथे माझ्यावर रागावला असाल, तर रागवा. मला ते समजेल. पण तो राग मागे बसून, माझी कंबर धरून काढायला तुम्ही नाही, एवढं मात्र मला सोसत नाही.